सगळ्यांच्या नंतर जेवणारी

गुंजन माझी सून. तिच्याबद्दल लिहू का, असं मी तिला विचारलं. तिसऱ्या दिवशी अंगणात कपडे वाळत घालताना म्हणाली, "लिवा बाबूजी. पन मी नखरे करत होती असं नोका लिवू. बिमारी होती, असं लिवा."

तेच आधी लिहितो. ती बिमारी होती. आम्हाला ती फार उशिरा कळली.

मी गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये चौतीस वर्षं हमाली केली. धानाचा चाळीस किलोचा कट्टा, म्हणजे पोतं, तांदळाचा पन्नासचा. पाठीवर घ्यायचा, फळीवरून चढायचं, थप्पीवर टाकायचा. काटा बिघडला की मुनीम मलाच कट्टा उचलून पाहायला सांगायचा. किलो-दीड किलोचा फरक मी पाठीवर ओळखत असे. यात मोठेपणा नाही. इतकी वर्षं एकच काम केलं की येतं. माणसाची पारखही मी कामावरूनच करत आलो. कोण किती उचलतो, कोण मध्येच बिडी प्यायला बसतो. दुसरं माप माझ्याकडे नव्हतं.

गुंजन सडक अर्जुनीकडच्या एका खेड्यातली. वडील टिकाराम, थोडी स्वतःची धानाची जमीन, थोडी ठेक्याने केलेली. मुलगी शाळेत कबड्डी खेळायची. रोवणीला, म्हणजे धानाची रोपं लावताना, बायांच्या ओळीत ती सर्वांत पुढे असायची, असं टिकाराम सांगत. बारावीनंतर शिलाई शिकली. अंगाने भरलेली होती. आमच्या आधी दोन ठिकाणच्या लोकांनी तिला पाहून नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी मुलाच्या मावशीने अंगणात चपला घालता घालता म्हटलं, "पोरगी बरी आहे, पन कट्टाच आहे न." घरातल्या सगळ्यांनी ऐकलं. तिच्या काकू हसल्या. हे तिने मला पुष्कळ नंतर सांगितलं.

त्यानंतर आठ महिन्यांनी आम्ही पाहायला गेलो. चहाचा ट्रे घेऊन आली ती बारीक मुलगी होती. आम्हाला वाटलं, अशीच असेल.

२०२१ मध्ये लग्न झालं. माझा मुलगा हेमेंद्र तिरोड्याला ठेक्यावर वेल्डिंगचं काम करतो. तिथेच खोली घेऊन राहतो, आठवड्यातून एक दिवस घरी येतो. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याच्या आमच्या घरात मग तिघंच. मी, बायको सुशीला आणि गुंजन.

मी खूश होतो. सून पाच वाजता उठायची. झाडलोट, पाणी, स्वयंपाक, मग शिलाई मशीन. अर्ध्या कुडव्याचे ब्लाउज आमच्याकडे यायचे. जेवण झाल्यावर ती एक मिनिट बसायची नाही. लगेच मागच्या बाडीत जायची, खरकटं टाकायला, वांग्याला पाणी द्यायला. माझ्याबरोबर मिलमध्ये असलेला घनश्याम संध्याकाळी येऊन ओट्यावर बसतो. त्याला मी सांगायचो, "सून पाहा राजा. खाते चिमनीएवढं आन काम करते बैलावानी."

घनश्याम म्हणायचा, "माझ्या घरी उलटं आहे. बदलून घेतो का?"

आम्ही हसायचो. ती आत ऐकत असायची.

आमच्याकडे आधी पुरुष जेवतात, मग सासू, शेवटी सून. ती स्वयंपाकघरात दार लोटून जेवते. सासऱ्यासमोर घास तोंडात घालत नाही. माझ्या आईच्या राज्यात सुशीलाही तशीच जेवली. त्यामुळे दोन वर्षांत गुंजनचं ताट मी भरलेलं कधी पाहिलं नाही. घासून पालथं घातलेलंच पाहिलं.

२०२३ च्या सुरुवातीला तिला दिवस गेले. उलट्या सुरू झाल्या. कोणाला काही वाटलं नाही. त्या दिवसांत बाई ओकतेच. तिसरा महिना गेला, चौथा गेला, उलट्या थांबल्या नाहीत. सुशीला म्हणाली, "मायावाल्या बहिनीले नऊ महिने होत्या." तेवढ्यावर विषय संपला.

खाण्याचं म्हणाल तर सुशीलाचं मत ठरलेलं होतं. "पोटात पोर मोठं झालं का अडते. बाईनं दोन घास कमीच खावं. मी हेमेंद्रच्या वक्ताले तेच केलं, सुटली पटकन." शेजारच्या बायाही मान डोलवायच्या. गुंजन कमी खाते याचं आमच्या घरी कौतुक झालं. जी गोष्ट ती लपवत होती, ती आम्हीच शहाणपण म्हणून मिरवली.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन व्हायचं. कार्डावर ते हळूहळू वाढत होतं. आशाताई निशा कार्ड पाहायची, गुंजनच्या मनगटाकडे पाहायची, पुन्हा कार्ड पाहायची. एकदा मला म्हणाली, "काका, घरी बराबर जेवते न?"

मी म्हटलं, "कामात तर कमी नाही."

काय विचारलं होतं आणि मी काय सांगितलं.

सप्टेंबरमध्ये, सातवा महिना लागला होता, ती अंगणवाडीतून वजन करून परत आली. मी ओट्यावर सुतळी वळत बसलो होतो. फाटकाची कडी लावायला ती वळली आणि तिथेच खाली बसली. मग आडवी झाली. सुशीला बाजाराला गेली होती. मी धावलो, एक हात पाठीखाली, एक गुडघ्याखाली घालून उचललं.

उचलताच काहीतरी चुकतंय हे हाताला कळलं. भार एका बाजूला ओढत होता. दोन पावलं गेलो आणि तिच्या कमरेतून लोखंड फरशीवर पडलं. आधी दोन किलोचं, मग एक-एक किलोची दोन. माझ्या वडिलांच्या जुन्या तराजूची वजनं. माळ्यावर पोत्यात होती. लुगड्याच्या पट्टीत गुंडाळून तिने परकराच्या आत बांधली होती.

मी तिला बाजेवर ठेवलं. नीट ठेवता आलं नाही म्हणून पुन्हा उचललं. आता फक्त ती होती आणि पोटातलं मूल. तांदळाच्या कट्ट्यापेक्षा पुष्कळ कमी. धानाच्या कट्ट्याजवळ. मला आकडा कळला होता, पण मनातही तो पूर्ण म्हणवेना.

तोंडावर पाणी मारलं. तिने डोळे उघडले. फरशीवरची वजनं पाहिली, आधी डोक्यावरचा पदर सावरला.

"आईले सांगू नोका बाबूजी."

"हे कायले बांधलं?"

"वजन भरत नाही. ताई दवाखान्यात पाठवीन म्हनते."

"आन तू जेवत काऊन नाही?"

"जेवतो न. राहत नाही पोटात."

इथे मी जे केलं ते लिहायला हात जड होतो. मी कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, हे जोर लावण्याचं काम आहे. मिलमध्ये नवीन पोरगा पहिल्या दिवशी वीस कट्टे उचलतो, महिन्याने दीडशे. रोज थोडे वाढवायचे, एवढंच. मी तिला नेमून दिलं. सकाळी दोन पोळ्या, दुपारी इतका भात, रात्री इतका. "मनावर घे. होते," म्हटलं. तिने मान हलवली. नऊ दिवस रोज विचारलं, "झालं?" ती म्हणायची, "झालं."

दहाव्या दिवशी मी बाडीत गवत काढायला गेलो. वांग्याच्या वाफ्यामागे, पालापाचोळ्याखाली, सगळं होतं. कित्येक दिवसांचं. मी नेमून दिलेलं सगळं तिने खाल्लं होतं. आणि सगळं तिथे येऊन ओकून टाकलं होतं. मी रोज वाढवत गेलो तसा तिचा त्रास वाढत गेला. तिने शब्द पाळला, शरीर मोडलं. असं राबवून घेणारे मुकादम मी पाहिले होते. त्यांच्याबद्दल मी चांगलं बोलत नसे.

मी हात धुऊन सरळ निशाताईकडे गेलो. वजनांपासून वांग्याच्या वाफ्यापर्यंत सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "काका, उद्या नाही. आजच चला."

दवाखान्यात रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. रक्तातले क्षार खाली गेले होते. मूल महिन्याच्या मानाने लहान होतं, पण ठोके नीट होते. सलाईन लावून पाच दिवस ठेवून घेतलं. मग एका समुपदेशक बाईंनी गुंजनसोबत आम्हा तिघांना समोर बसवलं. रविवार होता, हेमेंद्र आलेला होता. बाईंनी सांगितलं की हा एक आजार आहे. मनात सुरू होतो आणि शरीर खातो. माणूस जाणून करत नाही, ठरवून थांबवूही शकत नाही. कितीतरी वर्षांचा असावा.

हेमेंद्र गुंजनकडे पाहून म्हणाला, "मले काऊन नाही सांगितलं?"

ती म्हणाली, "तुमी लग्नाचा अल्बम पाहून म्हटलं होतं, बारीक आहे म्हनून फोटो चांगले आले."



बाईंनी कामं वाटून दिली. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. एकदम भरपूर खाऊ घालायचं नाही, त्यानेही धोका आहे. किती खाल्लं हे विचारायचं नाही. अंगाबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलायचं नाही. वजन दवाखान्यात, तेही तिने काट्याकडे पाठ करून उभं राहायचं, आकडा तिला सांगायचा नाही. दर आठवड्याला रक्त. आणि मुख्य म्हणजे तिने एकटीने जेवायचं नाही. कोणीतरी सोबत जेवायचं आणि जेवणानंतर तासभर सोबत बसायचं. अजून सात-आठ आठवडे मूल पोटात राहिलं, थोडं वाढलं, तर चांगली आशा आहे. ते सगळं त्या तासावर होतं. एवढं आम्हाला समजलं.

आधी सुशीला बसली. दोन दिवसांत हरली. गुंजनने घास चिवडला की हिच्या डोळ्यात पाणी. "खा न माय, पोरासाठी खा न." गुंजनचा हात थांबायचा. तिसऱ्या दिवशी सुशीलाने ताट माझ्याकडे सरकवलं. "तुमीच बसा. तुमचं मन दगडाचं आहे."

"सासऱ्यासमोर?"

"आता काय सासरा आन काय बाप."

पहिल्या दिवशी गुंजन माझ्याकडे पाठ करून बसली. पदर नाकापर्यंत. मी भिंतीकडे तोंड केलं. दोघांच्या ताटात सारखंच, भाताची पेज आणि लाखोरीची डाळ. हमाल सात मिनिटांत जेवतो. गाडी उभी असते, मागच्याचा धक्का लागतो. मला चाळीस मिनिटं जेवायचं होतं. एवढं कठीण काम मी मिलमध्ये केलं नव्हतं. बोलायचं काय? मग मी तिला मिलच्या गोष्टी सांगू लागलो. कोणी थप्पी वाकडी लावली, कोणाच्या अंगावर आली. मुनिमाचं धोतर फळीत अडकलं होतं ते सांगितलं तेव्हा पदराआडून हसू आलं. त्या दिवशी तिची वाटी अर्धी झाली. मी पाहिलं, बोललो नाही.

आठवड्याने तिने पाठ फिरवणं सोडलं. पदरही कपाळापर्यंत वर गेला.

सुशीला दारातून पाहायची. एक दिवस म्हणाली, "तीस वर्ष झाली लग्नाले. माझ्यासंगं कधी बसले काय असे जेवाले? माझं ताट तर मांजरीनंच पाहिलं."

मी म्हटलं, "ये मंग. जागा आहे."

"आता बोलावून राहिले," असं म्हणत तिने ताट आणलं. तेव्हापासून तिघं बसू लागलो.

जेवणानंतरचा तास सर्वांत वाईट. तेव्हा तिचं सगळं अंग बाडीकडे ओढ घ्यायचं. नुसतं बसून तो तास निघत नसे. तिने मला गोधडी शिवायला बसवलं, बाळासाठी. जुन्या लुगड्यांच्या घड्या, मधून मी, कडेने ती. मला कट्टा शिवता येतो, सुवा आणि सुतळी. तिने माझे टाके पाहिले आणि उसवले.

"बाबूजी, हे पोतं नोहोय. बाळाले टोचते."

"मंग कसे घालू?"

"लहान. घाई नोका करू."

मी पुन्हा घातले, तिने पुन्हा उसवले. चौथ्या वेळी ठेवले. ती कामात कच्चं चालू देत नाही. ते मला आवडायचंच.

सगळे दिवस चांगले गेले असं नाही. दोनदा ती मला चुकवून गेली. पहिल्या वेळी तिने लपवलं, तोंडावरून कळलं. दुसऱ्या वेळी स्वतः येऊन समोर उभी राहिली. "आज झालं बाबूजी." मी जुना माणूस असतो तर काय बोललो असतो, मला माहीत आहे. मी म्हटलं, "बरं. चूळ भर. थोड्या वेळानं ताक घेऊ." ती तिथेच खाली बसून रडली. म्हणाली, "तुमाले राग काऊन येत नाही?" त्याच आठवड्यात तिने मला मावशीची आणि अंगणातल्या चपलांची गोष्ट सांगितली.

पाच आठवडे निघाले. दवाखान्याच्या काट्यावर ती पाठ करून उभी राहायची आणि परिचारिका आकडा माझ्याकडे वळवायची. वाढत होता. ग्रामात, पण वाढत होता. मुलाचंही वजन वाढत होतं. डॉक्टर म्हणाल्या, अजून तीन आठवडे मिळाले पाहिजेत.

मिळाले नाहीत. ऑक्टोबरच्या शेवटी सकाळी अकराला तिला कळा सुरू झाल्या. संध्याकाळी मुलगी झाली. दीड किलोपेक्षा कमी. डॉक्टरांनी लगेच काचेच्या पेटीत नेली. मी बाहेरून पाहिली. नाकात नळी, डोक्यावर लोकरीची टोपी, टोपी तिला मोठी होत होती. पाय सारखे हलवत होती. कष्टाळू वाटली.

गुंजनला तिसऱ्या दिवशी दूध आलं. दर दोन तासांनी काढून द्यायचं, नळीने पाजायचं. परिचारिकेने सांगितलं, आई जेवली तर दूध येईल. त्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेलो. वरण-भात, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या दाण्यांची उसळ. तिने सगळं खाल्लं. मग डब्यात पाहून म्हणाली, "अजून भात आहे काय?"

माझ्या घरात आल्यापासून तिने कधी अजून मागितलं नव्हतं. मी खाली टपरीवर गेलो, भात मिळाला नाही, पोहे मिळाले. तिने तेही खाल्ले. पुढे रोज असंच. सहा वेळा खायची, कोणी बसो न बसो. तास संपायच्या आत दूध काढायची वेळ यायची, त्यामुळे कुठे जायची तिला सवडच नव्हती. हेमेंद्र सुट्टी टाकून आला होता. तो पेटीजवळ उभा राहून मुलीशी बोलायचा, काचेला तोंड लावून. नाव ठेवलं नव्हतं. तो तिला मुन्नी म्हणायचा, गुंजन म्हणायची, "नाव घरी गेल्यावर ठेवू."

एकोणीस दिवस. वजन दीड किलोच्या वर गेलं. पेटीतून काढून गुंजनच्या छातीशी कपड्यात बांधून ठेवू लागले, दिवसातून काही तास. विसाव्या दिवशी सकाळी ताप आला. जंतुसंसर्ग झाला होता. दुपारपर्यंत तिने हातपाय हलवणं थांबवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती गेली.

डॉक्टर आमच्याजवळ बसल्या. म्हणाल्या, फार लवकर आणि फार लहान आलेलं मूल होतं, अशा बाळांमध्ये लढायची ताकद कमी असते. आईने शेवटच्या महिन्यात जे केलं त्यानेच ती इथपर्यंत आली. गुंजनला नीट कळावं म्हणून हे त्यांनी दोनदा सांगितलं. गुंजनने विचारलं, "आन आधीच्या सहा महिन्यात जे केलं, त्यानं?" डॉक्टरांनी तिचा हात धरला. खोटं बोलल्या नाहीत, खरंही बोलल्या नाहीत.

एवढ्या लहान लेकराला आमच्याकडे पुरतात. मी नेली. गोधडीत गुंडाळून, हेमेंद्र सोबत होता. वजन मला कळलं. ते मी लिहिणार नाही.

घरी आल्यावर गुंजनने खाणं सोडलं. भांडण नाही, रडणं नाही. ताट वाढलं की पाहायची आणि सरकवायची. दूध येतच होतं, ब्लाउज ओले व्हायचे. निशाताई दवाखान्यातून दूध थांबवायच्या गोळ्या आणून देऊन गेली. बाहेरच्या खोलीत बाया येऊन बसायच्या. कोणी म्हणायची, "पुढच्या साली होईल." कोणी दारातून बाहेर पडताना हळूच, "जेवतच नव्हती म्हनतात." तीन दिवस गेले. मला पुन्हा तोच भार दिसू लागला, फक्त आता पोटात मूल नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं बसलो. पेज वाढली. गुंजनने वाटीला हात लावला नाही. म्हणाली, "आता कोणासाठी खाऊ बाबूजी?"

मिलमध्ये मजुरी होती, घरी मूल होतं. कशासाठी तरी उचलायचं, हेच मला ठाऊक. नुसतं जगण्यासाठी एखाद्याने एवढे कष्ट का घ्यावेत, हे मी कोणाला कधी समजावलं नव्हतं.

बोलली ती सुशीला. स्वतःच्या ताटाकडे पाहत.

"हेमेंद्रच्या आधी माझी एक होती. पोरगीच. चार दिवसाची गेली. मूठभर होती."

हे मला माहीत होतं. पण ती मुलगी गेल्यापासून आमच्या घरात तिचं नाव निघालं नव्हतं. मीही काढलं नव्हतं.

"माझी सासू म्हने, कमी खा, सोपी सुटशील. मी कमी खाल्लं. सोपी सुटली. सगळे म्हने देवानं नेली. मी बी तेच म्हटलं." तिने ताटाची कड पुसली. "मंग तुले बी तेच सांगितलं. कायले सांगितलं मी?"

गुंजनने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. मग गुंजनने सुशीलाची वाटी तिच्यापुढे सरकवली. "तुमी खा आई. तुमीबी सकाळपासून काही नाही खाल्लं."

"तू खाल्लं तर खातो."

गुंजनने चार चमचे पेज घेतली. चार. मी मोजले, मोजायचे नव्हते तरी. मग तासभर तिघं तिथेच बसून राहिलो. शिवायला काही नव्हतं.

याला दोन वर्षं होत आली. गुंजन बरी आहे असं मी लिहिणार नाही. ती महिन्यातून एकदा त्या समुपदेशक बाईंकडे जाते, बसने, कधी हेमेंद्र सोबत, कधी मी. शिलाई चालू आहे. लग्नसराईत, कोणाच्या घरी पाहुणे मुलगी पाहायला आले की त्या दिवसांत तिचं बिघडतं. तेव्हा ती सकाळीच सांगून टाकते, "आज मले सोडू नोका." आम्ही सोडत नाही. आमच्या घरी आता सगळे एकत्र जेवतात. घनश्याम हसतो, म्हणतो, "तुह्या घरी रोजच पंगत आहे." हसू दे.

मूल कधी, हे लोक विचारतात. सुशीलाला विचारतात, बाजारात मला विचारतात. टिकारामही फोनवर आडून विचारतात. डॉक्टरांनी घाई करू नका सांगितलं आहे, आधी तिचं शरीर उभं राहू द्या.

मागच्या महिन्यात तिची पाळी चुकली. तिने आधी निशाताईला फोन केला, हेमेंद्रला नंतर. आठ दिवस ती नियमाने सहा वेळा जेवली, न सांगता, वेळ पाहून. आम्ही काही बोललो नाही, पण सुशीलाने माळ्यावरचा पाळणा पुसला. तपासलं तर काही नव्हतं. पाळी उगीच पुढे गेली होती.

तिने येऊन सांगितलं आणि ताटं वाढायला घेतली. तीन ताटं. बसली. "बरं झालं बाबूजी," म्हणाली, "अजून तेवढं बळ नाही माझ्यात."

मी म्हटलं, "हो."

तिने भाताचा घास उचलला आणि हातात धरून ठेवला. सुशीलाने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यानेच आग्रह नको म्हटलं. भात थंड होत गेला. आम्हीही आमचे घास ताटात ठेवले आणि तिच्यासाठी थांबलो.